दुपारचा पहारा

वर्ग चालू असताना फोनचा आवाज बंद ठेवायचा, हा नियम आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून मीच केला. त्यामुळे माझा फोन वाजत नाही, नुसता थरथरतो. आंघोळीला जाताना खिडकीत ठेवला तर तिथे घुर्र घुर्र करत कडेपर्यंत सरकत येतो. मुलांनी खिचडी खाल्ल्याचा फोटो पाठवा. झाड लावल्याचा पाठवा. झाड जगल्याचा पाठवा. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर 'तात्काळ' असं लिहिलेलं, आणि माहिती गेली नाही की संध्याकाळी शिक्षण खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेचं नाव लाल अक्षरांत. तात्काळ पाठवलेल्या त्या माहितीचं पुढे काय होतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

मी मुळात तापट माणूस, त्यात ही भर. फोन खिशात नसला तरी मांडीवर काहीतरी थरथरल्याचा भास व्हायचा. बायको काही सांगायला लागली की मी 'हं, हं' करत स्क्रीन वर सरकवत राहायचो. एकदा बऱ्याच वेळानं मान वर केली तर ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "मग पुढं काय झालं?" ती म्हणाली, "माझं सांगून कवाच झालं. आता उद्याची भाजी निवडायलेय." तिचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यापासून ते आमच्याकडे परभणीत राहतात. त्यांना कंपवात आहे. उजवा हात हलत राहतो, झोपेत तेवढा थांबतो. चहा अर्धा कपच ओतायचा, हे आता आमच्या घरात सांगावं लागत नाही. पाहुणे आले की दादा 'मला भूक न्हाई' म्हणतात आणि सगळे उठल्यावर स्वयंपाकघरात जाऊन एकटे जेवतात. 

तर एका रविवारी आम्ही तिघं जेवत होतो आणि माझा डावा अंगठा ताटाशेजारी ठेवलेल्या फोनवर चालला होता. दादा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "माझा हात आजारानं हालायलाय. तुझा अंगठा कशानं हालायलाय?"

बायकोला हसता हसता ठसका लागला. मी ताटावरून उठलो, तरातरा गच्चीवर गेलो आणि तिथे जाऊन फोनच बघत बसलो.

आमचं गाव ताडकळसच्या आतल्या अंगाला आहे. मार्गशीर्षात तिथे मारुतीच्या देवळापुढं सप्ताह बसतो. सकाळी पोथीचं पारायण, रात्री कीर्तन, आणि या सगळ्यात अखंड उभी असलेली वीणा. एक भोपळा, वर लांब दांडी आणि मोजक्या तारा, एवढीच ती वस्तू. पण सप्ताह बसला की ती जमिनीला टेकवायची नाही आणि तिची तार थांबू द्यायची नाही. कुणीतरी गळ्यात अडकवून उभं राहायचं, एका बोटानं तार छेडत देवाचं नाव घ्यायचं, आणि आपला पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात द्यायची. देताना एक रीत आहे. घेणारा आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, मग पट्टा आपल्या गळ्यात घेतो, आणि मग देणारा त्याच्या पाया पडतो. मांडवात येणारेही विणेकऱ्याच्या पाया पडतात. वय, नातं कुणी बघत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, तो मोठा.

दुपारचा पहारा आमच्या घराचा. जेवणं झालेली असतात, मांडवात माणसं आडवी झालेली असतात, ऐकायला कुणी नसतं, म्हणून तो पहारा कुणाला नकोच असतो. दादांनी तरुणपणी तो मागून घेतला आणि कधी सोडला नाही. शेतातून येऊन पाय धुवायचे, उपरणं बदलायचं आणि उन्हं कलेपर्यंत उभं राहायचं. लहानपणी मला वाटायचं की दादांचं खरं काम हेच आहे, शेती आपली जोडीला.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात मात्र त्यांच्या हातातली वीणा घुरघुरायला लागली. हात हलायचा, तो दांडीतून तारांपर्यंत जायचा. त्यांनी दात घट्ट आवळून दोन-तीन दिवस काढले. मग त्यांच्यानंतर पहारा घेणारे गावातले शिंपीमामा सहज बोलून गेले, "दादा, जरा घट्ट धरा की. लय घुरघुर करायलीय." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दादांनी वीणा त्यांच्या गळ्यात दिली, पाया पडले आणि मांडवाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्या सप्ताहात ते परत वीणेला शिवले नाहीत.

यंदा गावाहून निरोप आला की अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, पहाऱ्याला माणसं कमी पडायलीत, तुमच्या घरचं कुणी उभं राहणार नसेल तर दुपारचा पहारा दुसऱ्या घराला देऊ.  संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, हलणारा हात दुसऱ्या हातात धरून.

"तू धरशील का वीणा?"

दादांनी माझ्याकडे आजवर कधी काही मागितलेलं नव्हतं. मला शाळेची कामं दिसत होती, ग्रुपवरची लाल अक्षरं दिसत होती, आणि दारात दादा दिसत होते. मी रजा टाकली.

गावातलं आमचं दोन खोल्यांचं घर बायकोनं झाडून घेतलं आणि पहिल्या दुपारी मी मांडवात जाऊन उभा राहिलो. फोन अर्थातच बरोबर होता. त्याचा आवाज बंद असतोच, मग अडचण काय, असा माझा हिशेब. तो मी नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात टाकला आणि आधीच्या विणेकऱ्याकडून वीणा गळ्यात घेतली. लगेच दादा पुढे झाले आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला वाकले. वडील आपल्या पायाशी वाकलेले बघून कुठे बघावं ते मला कळेना. वीणेला नमस्कार करताना त्यांनी हलणारा हात उपरण्याखाली ठेवला होता. वीणेला त्यांनी नुसतं कपाळ लावलं, बोट लावलं नाही.

सुरुवात ठीक झाली. मांडवात दोन-चार माणसं घोरत होती, एक कुत्रं ताडपत्रीच्या सावलीत पडलं होतं, आणि समोर आमच्या गल्लीतली म्हातारी वाती वळत बसली होती. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. जरा वेळानं मानेला घाम आला म्हणून तो पुसायला मी तारेवरचं बोट काढलं. नेमका तेव्हाच फोन थरथरला. भोपळा बरोबर त्या खिशावर टेकलेला होता. आख्खी वीणा गुंजायला लागली. बोट न लावता तारा झणाणल्या, थांबल्या, पुन्हा झणाणल्या.

मावशीच्या हातातली वात खाली पडली. तिनं माझं बोट बघितलं, ते हवेत होतं. ती उठली, गुडघे धरत पुढे आली आणि सरळ माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"बोट न्हवतं तारंवर," ती मागे वळून झोपलेल्यांना सांगायला लागली. "माझ्या डोळ्यानं बगितलंय. वीणा आपसूक बोलली."

घोरणारे उठून बसले. मी तोंडानं नाव घेत होतो आणि मनातल्या मनात त्या ग्रुपला शिव्या देत होतो. खिशात हात घालावा तर वीणा सुटते, न घालावा तर पुन्हा निरोप येणार. तो आलाच. 'तात्काळ'चा निरोप एकटा येतच नाही. वीणा दुसऱ्यांदा बोलली आणि मांडवातली माणसं एकेक करून माझ्या पाया पडायला लागली. कट्ट्यावर बसलेले दादा मात्र जागचे हलले नाहीत. ते माझ्या खिशाकडे बघत होते. वीणा कशानं कशी वाजते हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसणार.

शिंपीमामांनी वीणा घेतल्यावर आम्ही घराकडे निघालो.  दाराशी आल्यावर दादांनी डावा हात पुढे केला.

"दे."

"दादा, शाळेचे फोन येतात."

"येऊ दे की. मी हाय ना कट्ट्यावर."

दुसऱ्या दुपारी मांडवात गर्दी होती. बोलणारी वीणा बघायला शेजारच्या वस्तीवरून माणसं आली होती. त्या दुपारी वीणा फक्त माझ्या बोटानं वाजली आणि माणसं हिरमुसून उठून गेली. मावशी तेवढी बसून राहिली. मला राहवेना. पहारा संपल्यावर मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "मावशी, काल तो माझ्या खिशातला फोन होता."

ती वात वळत म्हणाली, "असंल. पर वाजली ती वीणाच न्हवं?"

मी खाली पडलेली एक वात उचलून तिच्या हातात दिली.

फोनशिवाय उभं राहणं मला जमेना, हे सांगितलं पाहिजे. सुरुवातीला बराच वेळ मांडी आपोआप थरथरत होती. अंगठा दांडीवर वर-खाली सरकत होता. कुणाचं तरी काहीतरी अडलंय, माझ्यावाचून शाळा बंद पडलीय, लाल अक्षरं आलीत, असे विचार सुटत नव्हते. मी सारखा कट्ट्याकडे बघायचो. दादा तिथे पाय दुमडून बसलेले, मांडीवर उपरणं, उपरण्यावर फोन. फोन थरथरला की ते तो उचलायचे. मग हात हलतोय की फोन, हे लांबून कळायचं नाही. बायकोनं त्यांना हिरवं चिन्ह कसं सरकवायचं ते शिकवलं होतं. हलत्या हातानं ते कधी हिरवं सरकवायचे, कधी लाल. एकदा त्यांनी एका बाईशी बराच वेळ अदबीनं बोलून फोन ठेवला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "त्या बाई आपलंच बोलत ऱ्हातात. मी चार डाव इचारलं, तुमी कुठल्या? ऐकूनच घेत न्हाईत." ती कुठल्यातरी जाहिरातीची रेकॉर्ड होती.

शिक्षण खात्यासाठी शाळांची माहिती गोळा करणाऱ्या एका कारकुनाचा फोन मात्र रोज यायचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा मांडव शांत होता, त्यामुळे दादांचं बोलणं मला वीणेच्या सुरातही ऐकू येत होतं.

"सर पहाऱ्यात हायत. वीणा उतरली की बोलतील." मग थोडं थांबून, "त्येची माहिती आज न्हाई मिळाली तर काय व्हईल, बाबा?"

पलीकडून काय उत्तर आलं ते दादांनी मला नंतर सांगितलं. तो पोरगा म्हणाला होता, "काही नाही होणार, काका. मला वरून विचारायलेत म्हणून मी खाली विचारायलोय." आणि मग स्वतःच हसला होता.

त्या दिवसापासून मला फोनसाठी कट्ट्याकडे बघावंसं वाटेना. त्या पोराचं खरं असेल तर ज्या गोष्टीनं इतकी वर्षं माझं जेवण नासवलं, त्या गोष्टीचं कुणालाच फारसं पडलेलं नव्हतं. राग यायला हवा होता. उलट मला हलकं वाटलं. पाय तेच होते, दुपार तीच होती, पण आता दुपार दिसायला लागली. ताडपत्रीच्या भोकातून पडलेले उन्हाचे ठिपके सतरंजीवरून सरकत देवळाच्या पायरीपर्यंत जात. देवळामागच्या रानात तुरीला शेंगा भरल्या होत्या आणि वारा आला की त्यांचा वास मांडवात यायचा. कुत्रं सावलीबरोबर जागा बदलायचं. तार छेडायची, नाव घ्यायचं, श्वास सोडायचा, पुन्हा तार. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. दोन्ही हात अडकलेले होते आणि करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, एवढंच. पण मला फार बरं वाटत होतं. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. बायको मला तिच्या माहेरचं काहीतरी सांगायची आणि मी ते शेवटपर्यंत ऐकायचो. तिला सुरुवातीला माझी तब्येत बिघडली असं वाटलं.

एका दुपारी एक बाई मांडवात आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं फोन माझ्या दिशेनं धरला. एरवी मी खेकसलो असतो. पण फोनमधून आवाज आला, "आय, जरा वर धर. वीणा दिसंना." तिचा मुलगा तिकडे उसाच्या फडात होता. डोक्याला फडकं, हातात कोयता, मागं तुटलेला ऊस. त्यानं कोयता खाली ठेवला आणि फडात उभ्या उभ्या वीणेला हात जोडले. मी त्याला दिसावं म्हणून जरा सरळ झालो. ती बाई पदरानं फोन पुसत निघून गेली आणि फोन या वस्तूबद्दल मी मनात रचून ठेवलेलं एक अख्खं भाषण तिथंच वाया गेलं.

पण मी जसजसा निवांत होत गेलो, तसतसं मला दादांचं दिसायला लागलं. ते रोज माझ्या आधी मांडवात यायचे, पाय धुवायचे, उपरणं बदलायचे. पहारा असल्यासारखी सगळी तयारी करायचे आणि मग कट्ट्यावर जाऊन बसायचे. माझी तार चालू झाली की त्यांचं एक बोट मांडीवर माझ्याबरोबर उठायचं. तेवढं एक बोट हलत्या हातातही बरोबर तालात असायचं. माझी थरथर फोन काढून घेतल्यावर थांबली. त्यांची कशानंच थांबणार नव्हती. हे ध्यानात आलं त्या दुपारी मी त्यांच्या त्या बोटाकडे बघत तार छेडत राहिलो.

संध्याकाळी वाटेत मी म्हटलं, "दादा, उद्या थोडा वेळ तुम्ही धरा."

"नगं. वीणा घुरघुरती."

"माझ्याही हातात घुरघुरलीच की. लोक पाया पडले."

"तुझ्या हातात फोन घुरघुरला," दादा म्हणाले. "माझ्या हातात मीच घुरघुरतो. पहारा घरात ऱ्हायला, बस झालं."

त्याच रात्री जेवताना ते आपण होऊन त्या कारकुनाचं सांगायला लागले. रोजच्या फोनवर माहितीचं तो आधी विचारायचा की नंतर, कुणास ठाऊक. त्याच्या आईलाही हाच आजार होता. ती घरच्यांसमोर जेवायला बसत नाही, भिंतीकडं तोंड करून खाते, काय करावं ते सांगा, असं त्यानं दादांना विचारलं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

दादांनी घास तोंडाशी नेला. अर्धा ताटात सांडला. "मी मनलं, तिच्या म्होरं जेवायला बस. आन तू बी जरा सांडीत जा."

बायकोनं मान खाली घातली. मग तिनं आमटीची वाटी उचलली आणि थोडी आमटी ताटाबाहेर सांडली. मुद्दाम सांडली हे तिघांनाही कळलं. दादा हसले आणि त्यांनी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या आधीची शेवटची दुपार होती. गावजेवणाची तयारी चाललेली, बाप्ये कढईपाशी, बाया पलीकडच्या गल्लीत पोळ्या लाटायला बसलेल्या. ताडकळसचा बाजारही त्याच दिवशी होता आणि शिंपीमामा सकाळीच मोटारसायकलवर तिकडे गेले होते. माझा पहारा संपत आला तरी त्यांचा पत्ता नव्हता. सप्ताहाच्या कमिटीतल्या एकानं फोन लावला तर मोटारसायकल वाटेत बंद पडलेली, ढकलत आणायलोय म्हणाले. मी म्हटलं, थांबतो. थांबलो. पण पिंडऱ्यांत गोळे यायला लागले, मांडवाचा खांब दोनदा जवळ आल्यासारखा वाटला, आणि मी तार छेडताना डुलतोय हे त्या माणसाच्या लक्षात आलं.

कीर्तनात सूर धरायला एक छोटी पेटी आणलेली होती. बटण दाबलं की तीतून तंबोरा आपोआप वाजत राहतो. ती घेऊन तो आला. "सर, वीणा जरा खांबाला टांगू. तवर ही लावतो. सूर तर काय बंद पडत न्हाई. मामा आले की परत घेऊ."

त्याला माझीच काळजी होती. मी काही बोलणार, तेवढ्यात कट्ट्यावरून आवाज आला.

"टांगायची न्हाई."

दादा उठले होते. ते रांजणापाशी गेले आणि पुन्हा एकदा पाय धुतले. उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांना आपल्या डाव्या हाताकडे बघून आठवलं की त्यात माझा फोन आहे. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. माझे हात अडकलेले बघून त्यांनीच तो माझ्या खिशात टाकला. मग ते माझ्या पाया पडले. या वेळी मी नजर चुकवली नाही. मी गळ्यातला पट्टा काढून त्यांच्या गळ्यात घातला, वीणा त्यांच्या खांद्याला लागली, आणि मी खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

डोकं पायांवर असतानाच मला वर घुरघुर ऐकू आली. हात दांडीवर टेकल्याबरोबर वीणा थरथरायला लागली होती. तारा एकमेकींवर झणाणत होत्या, एका सुरात दुसरा मिसळत होता. मी उठलो. मांडव सगळा ऐकत होता. पेटी हातात धरलेला तो माणूस जमिनीकडे बघत होता. दादांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला कळली. घे परत, असं ती म्हणत होती. मी हात पुढे करावेत की नाही, हे मला सुचेना.

मावशी गुडघे धरत उठली. सावकाश चालत पुढे आली आणि दादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बगा," ती बाकीच्यांना म्हणाली, "पुन्हा बोलायली."

फोनचं मी तिला सांगितलेलं होतं. दादांचा आजारही तिला ठाऊक होता, त्यांच्याबरोबरच तर ती म्हातारी झालेली. तिच्यामागून पेटीवाला माणूस पेटी सतरंजीवर ठेवून आला आणि पाया पडला. मग कढईपाशी उभे असलेले दोघं हात पुसत आले.  मग दादांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून नाव यायला लागलं. बोट तालात होतं. वीणा घुरघुरत होती, आणि मांडवात सगळे घुरघुरणारी वीणा ऐकत बसले.

मला पायांवर उभं राहवत नव्हतं. मी जाऊन कट्ट्यावर, दादांच्या जागी बसलो. दगड त्यांच्या बसण्यानं अजून गरम होता. खिशात फोन थरथरला. आठवडाभरानं तो पहाऱ्याच्या वेळी माझ्याकडे आला होता. निरोपांचा ढीग साचला असणार, पण मला उघडून बघावंसं वाटलं नाही. फोन त्या कारकुनाचा होता म्हणून तेवढा घेतला.

"माहिती उद्या देतो," मी म्हटलं.

"माहितीचं नाही, सर," तो पोरगा म्हणाला. त्याचा आवाज घाईत होता. "काका आहेत का? त्यांना सांगायचं होतं, आई काल आमच्यासोबत जेवली. जरा फोन द्या ना त्यांच्याकडं."

मी मांडवात बघितलं. उन्हाचे ठिपके दादांच्या पायांपाशी आले होते.

"दादा पहाऱ्यात आहेत," मी म्हटलं. "वीणा उतरली की बोलतील."